क्लासिक स्पोर्ट्स कारच्या खोडी आणि त्यामागची कारणं

गियरबदल

नमस्कार मंडळी.

जुन्या स्पोर्ट्स कारविषयी मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं त्यात इंजिन किती सीसीचं, टॉप स्पीड किती आणि हल्ली लिलावात कितीला गेली, एवढंच असतं. गाडी दारात उभी राहिल्यावर जे कळतं ते कुठेच नसतं. आधीचा मालक सांगत नाही, कॅटलॉगात छापलेलं नसतं, आणि एक दिवस बॉनेटखाली डोकं घातलं की प्रश्न पडतो, हे असं का केलंय? त्या 'असं का'साठी हा धागा.

अट एकच. नुसती गंमत सांगू नका, कारणही सांगा. माझं मत असं की या गाड्यांमधल्या बहुतेक चमत्कारिक गोष्टी कुणा इंजिनिअरच्या लहरीतून आलेल्या नाहीत. एक तर पैसे वाचवायचे होते, नाहीतर अमेरिकेतला कायदा बदलला होता, नाहीतर शर्यत जिंकायची होती.

सुरुवात मी करतो. गाडी ट्रायम्फ स्पिटफायर १५००. १९६२ ते १९८० या काळात तीन लाखांवर स्पिटफायर बनल्या, आणि कॉव्हेंट्रीतला तो कॅन्लीचा कारखाना माझ्या घरापासून फार लांब नव्हता.

बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नाही, गाडीचं अख्खं तोंड. दिव्यांसकट, दोन्ही मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं. मग पुढच्या टायरवर चक्क बसून इंजिनाचं काम करता येतं, कंबर मोडत नाही. हे सोयीसाठी सुचलं असं लोकांना वाटतं. खरं कारण १९५३ सालचं आहे. ट्रायम्फला बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) या प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. अखंड बॉडी करून देणारं कोणी उरलं नाही. म्हणून १९५९ साली हेराल्ड आणली ती वेगळी चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि तिच्यावर नटबोल्टांनी जोडलेले तुकडे अशी. स्पिटफायर त्याच हेराल्डच्या पोटची, तिने बॉनेटही वारशाने घेतलं.

वळण्याची जागाही तशीच. सुमारे ७.३ मीटरच्या वर्तुळात गाडी पूर्ण फिरते. गल्लीत यू-टर्न मारला की बघणारे हसतात. पुढची चासी अरुंद, त्यामुळे चाकांना आत वळायला भरपूर जागा. फक्त स्टिअरिंग पूर्ण वळवून जोरात निघू नका, टायर रस्त्यावर खरवडत जातात.

आणि एक गोष्ट जी घेणाऱ्याने आधी तपासावी. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, पुढेमागे सरकू नये म्हणून मागच्या मेन बेअरिंगपाशी दोन अर्धचंद्र वायसर असतात. झिजून पातळ झाले की ते जागेवरून निसटून खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात पडतात, आणि मग क्रँक थेट ब्लॉकला घासायला लागतो. तपासणी सोपी आहे. एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे बघायचं. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली, तर किंमत कमी करून मागा किंवा घरी जा.

शंकासुर

धागा चांगला आहे म्हणून शंका विचारतो. क्लचचा आणि क्रँकचा संबंध काय? दोन वेगळी खाती ना?

गियरबदल

क्लच दाबला की रिलीज बेअरिंग फ्लायव्हीलकडे दाबलं जातं, आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, क्रँकला बोल्टने बांधलेलं. म्हणजे पायाचा सगळा जोर शेवटी त्या दोन वायसरवर. म्हणूनच आमच्याकडचे जुने लोक सिग्नलला क्लच दाबून उभे राहत नाहीत, न्यूट्रल करतात. काही जण तर क्लच न दाबता, न्यूट्रलमध्येच स्टार्ट मारतात. रात्रभर उभ्या इंजिनात तेल खाली उतरलेलं असतं, त्या क्षणी वायसर कोरडे असतात.

टवाळखोर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

तेलकट_हात

गियरबदलराव, तुमच्या स्पिटफायरची चुलतबहीण आमच्या पुण्यात आहे, म्हणून लिहायला बसलो.

स्टँडर्ड हेराल्ड. १९६१ पासून मद्रासला बनायची. तुमची चासी, तुमचं पुढचं सस्पेन्शन, तेच उलटणारं बॉनेट. डिझाइनही त्याच इटालियन माणसाचं, जोव्हानी मिकेलोत्ती. पुढे चार दारांची हेराल्ड आली, ती जगात फक्त मद्रासलाच बनली, इंग्लंडलाही नाही. आपल्याकडे गाडी म्हणजे कुटुंब, आणि दोन दारांच्या गाडीत मागच्या सीटवर आजींना कसं बसवायचं हा प्रश्न होताच.

तर मुद्दा. तुम्ही क्रँकच्या वायसरचं लिहिलंत, पण त्याहून महत्त्वाचं राहिलं. ट्रनियन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुढचं चाक ज्या उभ्या दांड्यावर बसतं, त्या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि तो टोकाचा भाग पितळी धातूच्या एका ठोकळ्यात स्क्रूसारखा बसवलेला असतो. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा तो दांडा त्या आट्यांवर थोडासा फिरतो. म्हणजे गाडीचं पुढचं वजन आणि वळणं, दोन्ही त्या आट्यांवर. त्यात घालायचं असतं तेल. नव्वद नंबरचं गिअर ऑइल. ग्रीस नाही.

ते ग्रीस निप्पलसारखं दिसतं, गनही ग्रीसचीच लावायची असते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मिस्त्रींनी त्यात ग्रीस ठोकलं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, हळूहळू वाळून घट्ट होतं, आणि खाली साचलेलं पाणी तिथेच राहतं. आत लोखंड गंजतं, वरून काही दिसत नाही. एक दिवस पार्किंगमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना, दांडा तुटतो आणि चाक आडवं होतं. नशीब असलं तर पार्किंगमध्ये.

डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे असतात. बदलताना अदलाबदल करू नका.

बोरघाट

काका, आमच्या वडिलांची हेराल्ड होती. मिस्त्री ग्रीसच मारायचा आणि गाडी कधी आडवी झाली नाही. तेल मारलं तर चार दिवसांत गळून खाली येतं, फरशीवर डाग. मग काय उपयोग?

तेलकट_हात

बोरघाट, तुझ्या वडिलांचा मिस्त्री कामाला पक्का असणार. दर महिन्याला नवं ग्रीस मारत राहिलं तर जुनं बाहेर ढकललं जातं, आणि मग ग्रीसनेही निभावतं. प्रश्न येतो तो वर्षातून एकदा ग्रीस मारणाऱ्यांचा. आज या गाड्या वर्षात फार फिरतच नाहीत, म्हणून तेल.

गळण्याचं म्हणशील तर गळू दे. खालून टिपूस येतोय म्हणजे तेल आट्यांतून फिरून आलंय. टिपूस बंद झाला की काळजी कर.

गियरबदल

काकांना दंडवत. आमच्या क्लबातही यावरून दोन तट आहेत. मधला मार्ग काढणारे अगदी पातळ, वाहतं ग्रीस वापरतात. पण कंपनीच्या पुस्तकात तेलच लिहिलंय, त्यामुळे मी तेलाच्या बाजूला.

जाता जाता: लोटस इलानचं पुढचं सस्पेन्शनही ट्रायम्फच्याच या भागांवरून घेतलेलं. म्हणजे इलानवाल्यांनो, हे सगळं तुम्हालाही लागू.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. माझी गाडी एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी, १९७० चं अमेरिकन मॉडेल. गियरबदल म्हणतो त्या 'अमेरिकेतल्या कायद्या'ची ही जिवंत नमुनेदार केस, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे वायपर तीन. इंग्लंडमधल्या एमजीबीला दोनच. अमेरिकेत नियम आला की काचेचा ठरावीक भाग वायपरने पुसलाच गेला पाहिजे. एमजीबीची काच बुटकी आणि रुंद, दोन वायपर तेवढा भाग पुसू शकेनात. मोठे वायपर लावायला काचेची उंचीच नाही. मग तिसरा.

दुसरं, माझ्या गाडीत ग्लव्ह बॉक्सच नाही. १९६८ मध्ये सुरक्षेचे नियम कडक झाले, डॅशबोर्डवर डोकं आपटलं तर इजा कमी व्हावी म्हणून कंपनीने प्रवाशाच्या पुढे एक जाडजूड गादी बसवली. ग्लव्ह बॉक्सची जागा गादीने खाल्ली. कारखाना ॲबिंग्डनचा, म्हणून इथले लोक तिला 'ॲबिंग्डनची उशी' म्हणतात. आणि गंमत म्हणजे त्याआधीच्या गाड्यांत ग्लव्ह बॉक्स होता, पण तो किल्लीशिवाय उघडायचाच नाही. साधा खटका नव्हता. म्हणजे रुमाल काढायला किल्ली.

तिसरं, बॅटरी. बारा व्होल्टची एक नाही, सहा व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये जोडलेल्या, सीटच्या मागे फळीखाली. मधून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, त्यामुळे एका मोठ्या बॅटरीला जागा नाही, दोन्ही बाजूंना एकेक छोटी बसवली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कंपनीने एक बॅटरी केली. जुन्या गाडीवाल्यांपैकी बरेच जण आता एका खणात बारा व्होल्टची एकच बॅटरी ठेवतात आणि दुसरा खण पाने-पकडींसाठी वापरतात. मीही.

१९६७ पर्यंतच्या एमजीबींना पॉझिटिव्ह अर्थ होतं, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला. त्यात आजचा मोबाइल चार्जर किंवा रेडिओ बिनधास्त जोडला की धूर. जुनी एमजीबी घेतलीत तर आधी बॉनेट उघडून कुठली वायर बॉडीला गेलीय ते बघा, मग बाकीचं.

चौथी गोष्ट गाडीतल्या पेट्रोल पंपाची. इंजिन सुरू करण्याआधी किल्ली फिरवली की मागून टक्‌-टक्‌-टक्‌ आवाज येतो, मग मंदावतो, थांबतो. एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पंप. थांबला म्हणजे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) भरले. आवाजच आला नाही तर आतले पॉइंट चिकटलेत. मग मागे जाऊन पान्याने पंपावर हलकी टिचकी. हे हास्यास्पद वाटतं पण रस्त्यावर अडकलेल्या एमजीबीवाल्याचा पहिला उपाय आजही हाच.

शंकासुर

ई-टाइप जॅग्वारलाही तीन वायपर होते. ती १९६१ ची. तेव्हा अमेरिकेचा हा कायदा कुठे होता? कायद्याची थिअरी बोंबलली.

अटलांटिकपार

बोंबलली नाही. ई-टाइपला ते पहिल्यापासून होते, इंग्लंडमध्येही, कारण तिची काच इतकी बुटकी आणि गोलाईची की दोन वायपरनी चांगलं पुसलंच जात नसे. तिथे कारण काचेचा आकार. एमजीबीला इंग्लंडात दोन चालत होते आणि फक्त अमेरिकेसाठी तिसरा आला. आजार एक, औषध एक, पण डॉक्टरकडे पाठवणारा वेगळा.

ई-टाइपमध्ये कायद्याची खूण हवी असेल तर डॅशबोर्ड बघ. आधीच्या गाड्यांत विमानासारखे उभे टॉगल स्विच, बाहेर आलेले. १९६८ च्या सुमाराला ते जाऊन चपटे रॉकर आले. अपघातात गुडघा, डोकं त्यावर आपटू नये म्हणून.

तेलकट_हात

एमजीवाल्यांनी एक ऐकून ठेवावं. एमजीबीच्या आधीची एमजीए, १९५५ ची, तिचं इंजिन १४८९ सीसीचं, बीएमसीचं बी-सिरीज. आणि आपल्या ॲम्बेसडरचं पेट्रोल इंजिन? १४८९ सीसी. बी-सिरीज. घराणं तेच. तुझ्या एमजीबीचं १७९८ सीसी त्याच घराण्यात पुढे वाढलेलं.

आमच्या आळीतली टॅक्सी आणि ॲबिंग्डनची रोडस्टर एका रक्ताची आहे हे लोकांना सांगितलं तर विश्वास बसत नाही.

बोरघाट

मग आमच्या पद्मिनीनेही तोंड उघडायला हरकत नाही.

शंकासुर

पद्मिनी स्पोर्ट्स कार? धागा भरकटला. संपादक मंडळ?

बोरघाट

थांब. प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याला बनायची, इंजिन १०८९ सीसी. फियाट ११००. या घराण्याची सुरुवात १९३७ च्या फियाट ५०८सी पासून, तेव्हाही १०८९ सीसीच. युद्धानंतर इटलीत चिझितालिया नावाच्या छोट्या कंपनीने याच फियाट ११०० इंजिनावर २०२ ही स्पोर्ट्स कार केली. बॉडी पिनिन फारिनाची. ती आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. सांग आता.

शंकासुर

हे माहीत नव्हतं. माघार. बोला.

बोरघाट

तर पद्मिनीची खोड सगळ्यांना माहीत आहे पण कारण कमी जणांना. मे महिन्यात घाट चढताना गाडी गुदमरते, बंद पडते, आणि काका पेट्रोल पंपाला ओलं फडकं गुंडाळतात. इथे पंप म्हणजे इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला यांत्रिक पंप. इंजिन तापलं की पंपातलं पेट्रोल उकळतं, वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही, द्रव ओढायला बनवलाय तो. फडक्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. खंबाटकीत आणि बोर घाटात वर्षानुवर्षं गाड्यांच्या डिकीत पाण्याची बाटली आणि फडकं असायचंच.

अटलांटिकपारच्या एमजीबीचा पंप मागे, टाकीजवळ असतो. त्यामुळे त्यांना हा त्रास कमी. जागेचा फरक, बाकी काही नाही.

आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय, ते आणखी लवकर वाफ धरतं आणि जुन्या रबरी नळ्याही खातं. जुनी गाडी असेल तर नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, फडक्यावर भागणार नाही.

गियरबदल

इंग्लंडात २०२१ च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के आहे. महागड्या पेट्रोलमध्ये कमी, म्हणून जुन्या गाडीवाले बहुतेक तेच भरतात. नळ्यांबद्दल +१.

हवाथंड

श्टुटगार्टच्या बाजूला राहतो, त्यामुळे पोर्शे ९११ वर लिहिणं भाग आहे. हवेने थंड होणारी जुनी ९११, म्हणजे १९९८ च्या आधीची.

सर्वात महाग पडणारी खोड: तेल तपासणं. जगातल्या बहुतेक गाड्यांत इंजिन बंद, थंड, मग डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी. ९११ मध्ये उलट. इंजिन पूर्ण गरम, सुरू, आयडलवर, गाडी सपाटीवर, आणि मग डिपस्टिक. कारण तेल इंजिनाच्या खाली संपमध्ये राहत नाही, वेगळ्या टाकीत राहतं. त्याला ड्राय संप म्हणतात, ही शर्यतीतली पद्धत. जोरात वळताना तेल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडू नये म्हणून. इंजिन बंद असताना टाकीतलं तेल हळूहळू इंजिनात उतरतं आणि डिपस्टिक रिकामी दिसते. नवा मालक घाबरून लिटर-दोन लिटर ओततो. मग गरम झाल्यावर जास्तीचं तेल एअर फिल्टरमध्ये जातं आणि मागून निळा धूर. तेलाचा काटा थंडीत शून्यावर असला तरी घाबरू नका.

याच टाकीवरून १९७२ च्या मॉडेलची गंमत. त्या एका वर्षी पोर्शेने तेलाची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली, वजन मध्याकडे यावं म्हणून. तेल भरायचं झाकण उजव्या बाजूला बाहेरून दिलं, दाराच्या मागे. पेट्रोल पंपावरच्या पोरांना ते पेट्रोलचं झाकण वाटलं. तेलाच्या टाकीत पेट्रोल. पुढच्या वर्षी झाकण गायब, टाकी परत मागे. आज ते एका वर्षाचं झाकण असलेली ९११ संग्राहक शोधत फिरतात.

वजनाचीच आणखी एक. सुरुवातीच्या ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं, पुढचा भाग हलका. काही काळ कारखान्याने पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत ११-११ किलोचे ओतीव लोखंडाचे तुकडे लपवले. वजन कमी करण्यासाठी जीव टाकणाऱ्या कंपनीने २२ किलो मुद्दाम वाढवले! १९६९ च्या मॉडेलला पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं आणि मग त्या ओझ्याची गरज राहिली नाही. जुनी ९११ घेताय तर बंपरच्या आत हात घालून बघा, अनेकांनी काढून फेकलेत, आणि फेकलेले लोक आता शोधताहेत.

टवाळखोर

आणि किल्ली डावीकडे का, ते राहिलं. फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत ड्रायव्हर पळत येऊन डाव्या हाताने किल्ली फिरवायचे आणि उजव्या हाताने गिअर टाकायचे. वाचलंय मी.

शंकासुर

हे सगळ्यांनीच वाचलंय. ९११ ची शोरूम आवृत्ती १९६४ ची, आणि धावत येऊन गाडी सुरू करायची पद्धत १९६९ च्या शर्यतीनंतर बंद झाली. त्या शेवटच्या वेळी जॅकी इक्स मुद्दाम चालत गेला, शांतपणे पट्टा बांधला, सगळ्यांच्या मागून निघाला आणि शर्यत जिंकला. पोर्शेत नाही, फोर्ड जीटी ४० मध्ये.

पण उजव्या हाताच्या, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या ९११ मध्ये किल्ली उजवीकडे असते. म्हणजे नियम 'डावीकडे' नाही, 'दाराच्या बाजूला' असा आहे.

हवाथंड

शंकासुर बरोबर. ल मान्सची गोष्ट कंपनी स्वतःही आवडीने सांगते, पण ती सांगणाऱ्यांनी एकदा उजव्या हाताच्या गाडीत बसून बघावं.

रानजाई

कॅलिफोर्नियातून. तुमच्या सगळ्या युरोपियन दुखण्यांमध्ये एक जपानी. डॅटसन २४०झेड. १९६९ ची डिझाइन, २३९३ सीसीचं सहा सिलिंडर.

बॉनेटच्या दोन्ही बाजूंना मडगार्डांवर दोन छोटी झाकणं आहेत. लोकांना वाटतं हवा जायला. नाही. एका झाकणाखाली बॅटरी, दुसऱ्याखाली काच धुण्याच्या पाण्याची बाटली. लांब बॉनेट पूर्ण उघडावं न लागता रोजची कामं व्हावीत म्हणून. सीटच्या मागे जमिनीत आणखी दोन झाकलेले कप्पे आहेत, हत्यारं ठेवायला. गाडी विकत घेणारे कित्येक जण वर्षभर ते उघडत नाहीत, कारण वर कार्पेट. उघडा. आधीच्या मालकांच्या वस्तू सापडतात.

कार्बोरेटर हिताचीचे, पण रचना एसयूच्या परवान्यावर केलेली. म्हणजे अटलांटिकपारच्या एमजीबीचीच खोड इथे: कार्बोरेटरच्या वरच्या घुमटात पातळ तेल भरायचं असतं. आत एक पिस्टन वर-खाली होतो, एक्सिलरेटर झटक्यात दाबला तर तो भसकन वर जाऊ नये म्हणून ते तेल त्याला रोखतं, आणि तेवढ्या वेळात इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. तेल संपलं की गाडी एक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर दम घेते, मग पळते. सगळे इग्निशन तपासतात, स्पार्क प्लग बदलतात. आधी घुमटाचं टोपण उघडा, तेल बघा. फुकट काम.

अटलांटिकपार

रानजाईला +१०. माझ्या ओळखीतल्या एकाने याच लक्षणावर अख्खा डिस्ट्रिब्युटर बदलला होता.

रानजाई

आणखी एक, ही माझी नाही पण आवडती. मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांवर साध्या गाड्यांचे भाग. लोटस एस्प्रीच्या दारांची हँडल मॉरिस मरिनाची, आणि पहिल्या एस्प्रीचे मागचे दिवे फियाट एक्स१/९ चे. लॅम्बोर्गिनी डायब्लोच्या शेवटच्या वर्षांतले हेडलाइट निसान ३००झेडएक्सचे. जॅग्वार एक्सजे२२० चे आरसे सिट्रोएन सीएक्सचे. छोट्या संख्येने बनणाऱ्या गाडीसाठी दिवा किंवा हँडल नव्याने पास करून घेणं परवडत नाही, त्यामुळे बाजारातलं तयार उचलायचं. गियरबदलच्या तीन कारणांपैकी पहिलं.

फायदा आपला. एस्प्रीचं हँडल म्हणून मागितलं तर एक भाव, मरिनाचं म्हणून मागितलं तर वेगळा.

टवाळखोर

हा धागा बायकोला दाखवायचा नाही.

गियरबदल

लोटसवरून आठवलं. इलान, १९६२ ची. हेडलाइट बॉनेटमध्ये लपतात आणि इंजिनाच्या व्हॅक्युमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर, वर येतात. विजेची मोटर नाही. व्हॅक्युम साठवायला वेगळी टाकी कशाला म्हणून चासीच्या पुढच्या आडव्या पोकळ भागातच ती साठवली. काटकसर ती ही. पण एक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचा व्हॅक्युम पडतो. रात्री चढावर ओव्हरटेक करताना, जेव्हा उजेड सर्वात जास्त हवा, तेव्हा जुन्या इलानचे डोळे मिटायला लागतात. चासीत कुठे गळती असेल तर लवकरच. पुढे कंपनीने उलटं केलं: व्हॅक्युम गेला तर दिवे स्प्रिंगने वर राहतील असं.

तारांच्या चाकांवर कोणी लिहिलं नाही, ते सांगतो. मधला कानवाला नट हातोडीने ठोकून काढायचा. गाडीच्या डाव्या आणि उजव्या बाजूला आटे उलटे. लक्षात ठेवायची खूण: गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं, त्याच दिशेला नट ठोकला की सुटतो. उलट वाटतं, पण तसंच आहे. चाक ज्यावर बसतं ते हब अदलाबदल झाले, डावा उजवीकडे लागला, तर गाडी चालता चालता नट आपोआप सैल होतो आणि चाक तुमच्या पुढे निघून जातं. जुनी गाडी घेताना हे चारही बाजूंना तपासायचं. अमेरिका आणि जर्मनीत पादचाऱ्यांना लागू नये म्हणून ते कान पुढे बंद झाले, म्हणून तिकडच्या गाड्यांवर आठ कोनांचे नट दिसतात.

अटलांटिकपार

माझ्यावर आठ कोनीच आहे. कानवाले बसवायचा मोह होतो, पण काढायला हातोडी, बसवायला हातोडी, आणि कान चेपले की दुःख.

नवाखेळाडू

सगळे ज्येष्ठ, नमस्कार. मी लेस्टरला शिकायला आलोय, नोकरी लागली की एखादी छोटी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. खिशाला झेपेल अशी. स्पिटफायर वाचून भीती वाटली. एक मित्र पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ सुचवतोय. ती क्लासिक धरतात का? आणि तिच्या खोडी काय?

गियरबदल

१९८९ ला आली, आता खुशाल क्लासिक म्हण. नव्या माणसाला मीही तीच सुचवीन. खोडी आहेत पण सौम्य.

हेडलाइट उघडणारे आहेत, मोटरवर. मोटर मेली आणि दिवे वर आले नाहीत तर बॉनेट उघड, प्रत्येक मोटरवर रबरी टोपणाखाली एक गोल नॉब आहे, तो हाताने फिरव, दिवा वर येतो. दिवे न लावता नुसते वर करायला वेगळं बटण आहे, बर्फ पडायच्या आधी वर करून ठेव म्हणजे गोठून बसणार नाहीत.

छताची मागची प्लॅस्टिकची काच चेनने उघडते. छत दुमडण्याआधी चेन उघडून काच सपाट कर, नाहीतर घडी पडून ती तडकते.

तेलकट_हात

आणि पाणी जायच्या नळ्या सांग त्याला. तेच महत्त्वाचं.

गियरबदल

बरोबर काका. दुमडलेल्या छताखाली, दारांच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला भोकं आहेत, ती मागच्या चाकांच्या पुढे खाली उघडतात. पानं, कचरा अडकला की पाणी दाराखालच्या पट्ट्यात साचतं आणि आतून गंज धरतो, वरून रंग चकाचक. गाडी बघायला जाशील तेव्हा पाण्याची बाटली ने. मालकाला विचारून दोन्ही भोकांत थोडं थोडं ओत आणि खाली वाकून बघ. दोन्ही बाजूंनी धार आली तर पुढचं बोलणं कर. एका बाजूने नाही आली तर त्या बाजूचा खालचा पट्टा दाबून बघ, मऊ लागला तर किंमत विचारूच नको.

नवाखेळाडू

शनिवारी डर्बीला एक बघायला जातोय. बाटली घेतो. फोटो टाकतो इथेच.

शंकासुर

फोटो गाडीच्या खालचे टाक. वरचे सगळे सारखेच दिसतात.